दहा माणसं नसलेल्या गावात

अहो,

काल गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस जिन्यातूनच ओरडला, "रहीमभाई हायत का घरात?" मी दार उघडलं आणि म्हटलं, "न्हाईत." "बरं, मी आलतो म्हणून सांगा," असं म्हणत त्यानं सिलिंडर आत ठेवला आणि गेला. त्याला खरं काय ते सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं नाही. दार लावून मी तिथंच खुर्चीवर बसले. तुम्ही कुठं तरी बाहेर गेलाय, परत येणार आहात आणि तुम्हाला निरोप द्यायचाय, असं निदान एका माणसाला तरी वाटतंय, याचं मला बरं वाटलं.

तुम्हाला जाऊन सदतीस दिवस झाले.

रहमीम हे नाव या गावात कुणालाच नीट घेता आलं नाही. राजारामपुरीतल्या आपल्या गल्लीत निम्म्या लोकांना तुम्ही मुसलमान वाटत होता आणि निम्म्यांना ख्रिश्चन. कुणी विचारलंच तर तुम्ही शांतपणे सांगायचात, "बेने इस्राएल. ज्यू. कोकणातले." समोरचा मान हलवायचा आणि पुढच्या भेटीत पुन्हा ईद मुबारक म्हणायचा. तुम्हीही हसून हात मिळवायचात. मला राग यायचा. तुम्ही म्हणायचात, "अगं, मुबारकच म्हणतोय ना? शिवी तर देत नाही."

उद्यमनगरातल्या फौंड्रीत तुम्ही पंचेचाळीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे केलेत. तिथं तुम्ही नुसते मिस्त्री होता, आणि ते नाव तुम्हाला आवडायचं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आपल्या लग्नाच्या वेळी कोल्हापुरात आपल्या लोकांची पाच-सहा घरं होती. कुणी इस्रायलला गेलं, कुणी ठाण्याला, कुणी मातीत. शेवटी आपलं एकच घर उरलं. आपल्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि कोल्हापुरात तुम्ही एकटे होता. तरी रोज सकाळी पांढरी शाल पांघरून, डाव्या दंडाला आणि कपाळाला चामड्याच्या पट्ट्या बांधून, पश्चिमेकडं, जेरुसलेमच्या दिशेनं तोंड करून उभे राहायचात. जणू बाकीचे नऊ जण वाटेत आहेत, येतीलच.

मी नव्हते उभी राहत. तुम्हाला ठाऊक आहे, पण आज एकदा लिहून टाकते. इतकी वर्षं आपण ते सगळ्या बाजूंनी बोललो, मधोमध कधी बोललोच नाही.

आपला इलान एकोणीस वर्षांचा होता. मेंदूज्वर झाला आणि चार दिवसांत संपलं. ते चारही दिवस तुम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात स्तोत्रं म्हणत होता. मीही म्हणत होते हो. तुमच्यापेक्षा जोरात म्हणत होते. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. तुम्ही शर्टाची कड धरलीत, टर्रकन फाडलीत आणि बेराखा म्हटलीत. मृत्यूची बातमी ऐकल्यावर म्हणायचं आशीर्वचन, देवाला खरा न्यायाधीश म्हणणारं. त्याचा अर्थ मला वडिलांनी लहानपणीच शिकवला होता. मी दोन्ही मुठींनी तुमच्या छातीवर मारत सुटले. "कसला न्याय? कुणाला न्यायाधीश म्हणताय?" नर्सनी मला ओढून बाजूला नेलं. तुम्ही फाटका शर्ट घेऊन तसेच उभे राहिलात, उत्तर दिलं नाहीत.

बावीस वर्षं तुम्ही त्याचं उत्तर दिलं नाहीत.

मी त्या दिवसापासून प्रार्थना सोडली. देवाला मी "तुमचा तो" म्हणायला लागले. "तुमच्या त्याला सांगा, आज पाणी आलेलं नाही." किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाला तुम्ही पाण्याचा थेंब घ्यायचा नाहीत, आणि त्या पहिल्या वर्षी मी मुद्दाम दार उघडं ठेवून कांदेपोहे केले आणि तुमच्यासमोर बसून खाल्ले. तुम्ही पुस्तकातून डोकं वर काढून म्हणालात, "वास चांगला येतोय." पुढच्या वर्षीपासून मी त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन खाऊ लागले. उपास नाही केला, पण दार लावलं. आपल्या भांडणाची मजल तेवढीच.

एकदा मात्र मी सरळ विचारलं होतं. तुम्ही गॅलरीत पटाशीला धार लावत होता. मी म्हटलं, "तुम्हाला मिळतं तरी काय हो यातून?" तुम्ही पटाशी उजेडात धरून पाहिलीत आणि म्हणालात, "मिळत काही नाही. उभं राहता येतं." मी "हं" म्हणून आत गेले. तेव्हा थांबायला हवं होतं.

मग गेल्या वर्षीची ती सकाळ. तुम्ही शाल पांघरली होती आणि पट्टी दंडाला गुंडाळत होता. मी भाजी चिरत होते. तुमचं पुटपुटणं मध्येच तुटलं. वळून बघते तर पट्टीचं टोक उजव्या हातातून सुटून लोंबत होतं, आणि तुम्ही त्या हाताकडं असं बघत होता जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "काय होतंय?" म्हणून ओरडले. तुम्ही तोंड उघडलंत आणि नुसती हवा आली.

फौंड्रीतले तुमचे मित्र दस्तगीरभाई त्याच दिवशी धावत आले. कोडोलीचा, साचे मातीत दाबून ओतकाम करणारा माणूस, तुमच्यासारखाच निवृत्त. हॉस्पिटलच्या बाकावर ते माझ्या शेजारी बसून राहिले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की उजवी बाजू गेली आहे आणि बोलण्याची जागा दुखावली आहे. समजेल सगळं, पण शब्द सापडणार नाहीत. मात्र लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टी कधी कधी शाबूत राहतात. आकडे, गाणी, प्रार्थना, काहींच्या शिव्यासुद्धा.

"शिव्या बी ऱ्हात्यात व्हय?" दस्तगीरभाई म्हणाले. "मिस्त्रीनं जन्मात एक शिवी दिली न्हाई, वैनी. न्हाईतर तेवढं तरी बोलला असता की."

मी रडता रडता हसले होते. तुम्हाला हे सांगायचं राहिलंच.

तिसऱ्या दिवशी मी तुमच्या तोंडासमोर वाकले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, "मी कोण? सांगा, मी कोण?" तुमचे डोळे भरून आले. माझी ओळख होती, पण रिबका हे तीन अक्षरांचं नाव सापडत नव्हतं. "त... त..." एवढंच येत होतं. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. विचारायला नको होतं. तुम्ही दमून डोळे मिटलेत, आणि मग डाव्या हातानं डोळे झाकून शमा, आपली रोजची मूळ प्रार्थना, म्हटलंत. सगळं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, एकही अक्षर न अडखळता, आपल्या नेहमीच्या आवाजात.

शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. मी बाहेर पळाले. लोकांना वाटलं, मी आनंदानं रडतेय. खरं सांगू? मला तुमच्या त्याचा मत्सर वाटला. मुलगा नेलास, आणि आता माझ्या नवऱ्याच्या तोंडातलं माझं नावही नेलंस, फक्त स्वतःचं तेवढं ठेवलंस. बावीस वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले ते असं, भांडायला.

घरी आणल्यावर पहिला महिना वाईट गेला. तुम्हाला काय हवंय ते कळत नव्हतं. तुम्ही चिडायचात, मी चिडायचे. आणि एका सकाळी मी भाकरीचा तुकडा तुमच्या तोंडापाशी नेला तर तुम्ही मान फिरवलीत आणि एक बेराखा म्हटलीत. आपल्यात खाण्यापिण्याच्या प्रत्येक गोष्टीआधी म्हणायची बेराखा वेगळी, आणि ही भाकरीची नव्हती. तुम्ही तीच पुन्हा म्हटलीत, माझ्याकडं रोखून बघत. मी लहानपणचं आठवायला लागले. फळाची! मी केळं सोलून आणलं. तुम्ही डोकं जोरजोरात हलवलंत आणि शेवटच्या शब्दावर जोर दिलात. तेव्हा मला वडिलांचं बोलणं आठवलं. केळीला आपल्यात झाड मानत नाहीत, केळ्याची बेराखा जमिनीतून येणाऱ्या फळाची. तुम्ही झाडाच्या फळाची म्हणत होता. टोपलीत चिकू होते. मी एक चिकू उचलून दाखवला. तुमचा अर्धाच चेहरा हलत होता, पण त्या अर्ध्यानं तुम्ही असे हसलात!

आपली भाषा अशी सुरू झाली. तुम्हाला मराठीत पाणी मागता येत नव्हतं, पण पाण्याची बेराखा येत होती. भुकेची होती, झोपेची होती, शौचाला जाऊन आल्यावर म्हणायचीही होती. ती तुम्ही आधीच म्हणायला लागलात, म्हणजे मला वेळेवर कळावं. मी तुमचं पुस्तक काढलं, हिब्रू आणि शेजारी मराठी असलेलं. सगळी अक्षरं विसरले होते. साठी उलटल्यावर पहिलीतल्या पोरीसारखी बोट ठेवून वाचायला लागले. देवासाठी नाही. नवऱ्याला भाकरी हवीय की फळ, हे कळावं म्हणून.

एकदा दोन दिवस तुम्ही सारखी प्रवासाची प्रार्थना म्हणत होता. मी घाबरले. वाटलं, तुम्ही निघण्याची तयारी करताय. इस्रायलात अश्दोदला आपल्या याएलला फोन करून रडले, "तुझे बाबा निरोप घेतायत." संध्याकाळी दस्तगीरभाई दाढी करून द्यायला आले. ऐकून म्हणाले, "वैनी, तुमचं काय बी. तीन म्हैनं झालं, माणूस ह्या चार भिंतीत कोंडलाय. त्याला भाईर जायाचं आसंल." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तुम्हाला धरून रिक्षात बसवलं आणि उद्यमनगरात नेलं. "मिस्त्री, आलासा व्हय!" म्हणत सगळे काम टाकून गोळा झाले. कुणीतरी तुमच्या मांडीवर एक नवा साचा ठेवला. तुम्ही डावा हात त्याच्या कडेवरून फिरवलात, एका जागी थांबलात आणि बोटानं टकटक केलंत. नव्या मिस्त्रीनं वाकून पाहिलं. "आयला, हितं उतार ऱ्हायलाय की. साचा मातीतनं सुटायचा न्हाई." त्या दिवशी रिक्षातून घरी येताना तुम्ही माझा हात धरला होता. मधली पंचवीस-तीस वर्षं रस्त्यावर कधी धरला नव्हता.

तुमचं आजारपण मी एकटीनं निभावलं, असं गल्लीतले म्हणतात. त्यांना कसं सांगू, आपण इतकं एकमेकांशी पूर्वी कधीच बोललो नव्हतो.

दिवाळीनंतर इलानचा दिवस आला. दर वर्षी त्या दिवशी तुम्ही पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायचात. त्याची कबर तिथं, आणि दहा पुरुष जमतील असं जवळचं गावही तेच. मेलेल्यासाठी म्हणायचा कद्दीश दहांशिवाय म्हणायचा नाही, हा नियम तुम्ही एकदाही मोडला नव्हता. या वर्षी जाणं शक्य नव्हतं. दुपारी तुम्ही खुणेनं टोपी मागितलीत. मी दिली. खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही कद्दीश सुरू केलात. घरात तुम्ही आणि मी. नियम मोडून.

मी दारात उभी राहून ऐकत होते. अर्ध्यावर तुम्ही थांबलात. दुखण्यात सगळं गेलं तरी जे कधी थांबलं नव्हतं, ते थांबलं. तुम्ही वर बघितलंत, माझ्याकडं नाही, छताकडं, आणि म्हणालात, "का?"

मराठीत. अकरा महिन्यांत तुमच्या तोंडून आलेला मराठी शब्द हा एवढाच.

अहो, तो ऐकण्यासाठी मी बावीस वर्षं थांबले होते. एकदा तरी तुम्ही माझ्या बाजूला येऊन उभे राहावं आणि विचारावं, एवढंच मला हवं होतं. वाटलं होतं, तसं झालं की मी जिंकेन. पण तुमचा तो आवाज ऐकला आणि जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. म्हणजे हा प्रश्न तुमच्याकडंही होता. त्या व्हरांड्यापासून होता. फाटक्या शर्टाच्या आत, रोज सकाळी त्या शालीच्या आत, आणि तरी तुम्ही उभे राहत होता. मी समजत होते, तुम्हाला प्रश्नच पडत नाही, म्हणून तुम्हाला सोपं जातं.

तुम्ही तसेच अडकून बसला होतात, पुढचा शब्द सापडत नव्हता. कद्दीशमध्ये बाकीच्यांनी जिथं "आमेन" म्हणायचं असतं, तिथंच तुम्ही थांबला होता. म्हणून मी म्हटलं, "आमेन."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. आणि पुढं म्हणायला लागलात. प्रत्येक जागी मी आमेन म्हटलं. माझा विश्वास बसला म्हणून नव्हे. तुम्हाला तिथं एकटं सोडवेना, म्हणून.

त्यानंतर सहा आठवडे तुम्ही होता. शेवटच्या सकाळी भाकरीची बेराखा म्हटलीत, अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्लीत आणि खुर्चीतच मान टाकलीत. मला लगेच कळलं. तुमच्या कानाशी तोंड नेऊन मी शमा म्हटलं. मला धड येत नव्हतं, दोनदा चुकले. ते तुमचं शेवटचं ऐकणं असेल तर चुका माफ करा.

आपल्याला माती लवकर द्यायची असते. याएलला विमान मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. रुग्णवाहिकेत पुढं मी आणि दस्तगीरभाई. पुण्याला आपल्या लोकांनी तुम्हाला धुतलं, पांढऱ्यात गुंडाळलं, शालीचा एक गोंडा कापून तीही पांघरली. सगळं नीट केलं हो. पण कबरस्तानात माणसं भरली आठ. कामाचा दिवस होता. हज्जान, म्हणजे आपल्याकडं प्रार्थना चालवणारे, कुणाकुणाला फोन करत होते. ऊन वाढत होतं. तुम्ही खाली लाकडाच्या फळीवर, आणि आम्ही दोन माणसांची वाट बघतोय.

दस्तगीरभाई माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वैनी, मी उभारलो तर चालंल का? मोजून घेत्यात का मला?"

मी हज्जानांकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "मोजता येत नाही, भाऊ. पण उभे राहा. जवळ उभे राहा." चप्पल काढून, डोक्याला रुमाल बांधून ते तुमच्या उशाशी उभे राहिले. तासाभरानं काठी टेकत एक म्हातारे आणि त्यांच्याबरोबर ऑफिसातून थेट आलेला त्यांचा जावई, असे दोघं आले. दहा झाले. तुमच्यासाठी कद्दीश म्हणायला मुलगा नव्हता. हज्जानांनीच म्हटला.

त्याआधी त्यांनी माझ्या पदराची कड थोडी कापून फाडायला दिली आणि बेराखा म्हणायला सांगितली. तीच. खऱ्या न्यायाधीशाची. मी पदर फाडला. शब्द मला पाठ होते, या वर्षात मी सगळ्या बेराखा शिकले होते तुमच्यासाठी. पण ती म्हटली नाही. हज्जान थांबले, माझ्याकडं बघितलं, आणि पुढं गेले. तुम्हाला वाईट वाटलं असेल. वाटू दे. आपलं हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मी एकटीनं ते मिटवून टाकणार नाही.

तिसऱ्या दिवशी याएल आली. सात दिवस आम्ही मायलेकी जमिनीवर बसलो. आरशांवर चादरी टाकल्या. समोरच्या शेवंताकाकूंनी दोन्ही वेळचं जेवण आणलं, आपल्या घरात मांस कधी शिजत नाही हे लक्षात ठेवून. "पावण्या पोरीला आवडतंय म्हणून दही-धपाटं आणलंय," म्हणत बसायच्या. याएल म्हणते, "आई, चल माझ्याकडं. तिथं सगळे आपलेच." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिथं दहा माणसं कुठंही मिळतील. इथं एकही नाही. पण इथं आपण बोललो.

ती गेली त्याला आता दहा दिवस झाले. सकाळ कामात जाते. संध्याकाळी दस्तगीरभाई येऊन खाली कट्ट्यावर बसतात, वर येत नाहीत, एकट्या बाईच्या घरी कसं यावं म्हणून. मी गॅलरीतून दोरी बांधलेल्या टोपलीत त्यांना चहा सोडते. दुपार मात्र जात नाही. दोन ते चार. गल्लीतल्या क्लासची पोरं घरी गेलेली, दुकानांची शटर अर्धी खाली, पंख्याचा तेवढा आवाज. परवा दुपारी मी पुस्तक उघडून शोधत बसले. विजेची बेराखा आहे, इंद्रधनुष्याची आहे, नव्या कपड्याची आहे. रिकाम्या दुपारची कुठं सापडली नाही.

शेवटी पुस्तक मिटलं आणि मराठीतच बोलले. मोठ्यानं बोलले, घरात ऐकायला कोण आहे? म्हटलं, "हे बघ, तुझं माझं जमत नाही, ते तुलाही ठाऊक आहे. मी काही परत मागत नाही. मागून तू देणार नाहीस. पण ही दुपार मला एकटीला जात नाही. जरा बस इथं."

आणि गप्प बसले. काही झालं नाही. पंखा फिरत होता. कुणी बसलं की नाही, मला सांगता यायचं नाही. पण चारच्या सुमाराला लक्षात आलं की मी घड्याळाकडं एकदाही बघितलेलं नाही.

काल पुन्हा बोलले. आजही बोलेन.

अहो, चाळीसहून जास्त वर्षं रोज सकाळी मी तुमच्या पाठीमागं भाजी चिरत होते आणि तुम्ही पुटपुटत होता. त्यातलं पुस्तकातलं किती आणि तुमचं स्वतःचं किती, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.